काट्याकडे पाठ करून

निमा,

तुझ्या अंगणात सतरंजीवर बायका बसल्या होत्या. मी फाटक उघडून आत आले. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "एवढी बारीक बाई, आणि हार्ट?" आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. पायांपासून वरपर्यंत बघून झालं. तोंडानं कुणी काही बोललं नाही, पण मनात काय चाललंय ते मला ऐकू येत होतं. जायचं कुणी आणि गेलं कोण! मला त्यांचा राग आला नाही, कारण घरातून निघताना मी स्वतः तेच म्हणत होते. तुझ्या सुनेच्या लक्षात आलं की मला खाली बसता येत नाही. रडता रडता ती आत गेली आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. सगळ्या बायका खाली आणि मी एकटी वर, सभेच्या अध्यक्षीणबाईसारखी. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस.

आता महिना होत आला. मी थकलेय, निमा. लोक सांगतात, रडून घे, मोकळी हो. रडून झालं. काही मोकळं वाटलं नाही. मला तुझ्याशी भांडायचं होतं आणि तू भांडण अर्धवट टाकून निघून गेलीस.

हे सगळं सुरू तूच केलंस. इंदूरच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांचे एक्स-रे उजेडासमोर धरले आणि म्हणाले, दोन्ही बदलावे लागतील, पण आधी वजन नव्वदच्या खाली आणा, मग मी हात लावतो. मी तेव्हा एकशे चार होते. घरी येऊन पलंगावर बसले ती उठलेच नाही. आमच्या ह्यांनी पेपर मिलमध्ये आयुष्यभर मशीनची दुरुस्ती केली, त्यामुळे त्यांना वाटलं की पार्ट खराब झालाय तर बदलून टाकायचा, त्यात अट कसली. "दुसऱ्या डॉक्टरला दाखवू," एवढं बोलून ते टीव्हीसमोर बसले. तेवढ्यात तू आलीस. हातात शेवभाजीची वाटी होती, वर तेलाचा लाल तवंग. माझं सगळं ऐकून घेतलंस, टीपॉयवर ठेवलेली वाटी उचललीस आणि घेऊन परत चाललीस. दारातून वळून म्हणालीस, "मास्तरीण, उद्या सकाळी तयार राहजो. फिराले जायचं."

मी म्हटलं, "अगं, निदान वाटी तरी ठेवून जा."

"वाटी नव्वद झाल्यावर!"

तू फोपनारची, केळीच्या बागेत वाढलेली. मी पेपर मिलच्या कॉलनीत वाढलेली, वाईहून नोकरीसाठी आलेल्या बापाची मुलगी. तुला माझी मराठी पुस्तकातली वाटायची आणि मला तुझ्या मराठीत निम्मी हिंदी सापडायची. भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं राहिलो, पण खरी मैत्री झाली ती त्या सकाळपासून. तोवर आपण नुसत्या शेजारणी होतो, वाट्यांची देवाणघेवाण करणाऱ्या.

पहिल्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या खांबापर्यंत गेले आणि खांबाला धरून उभी राहिले. आजूबाजूच्या घरांतून पॉवरलूम खटखटत होते. तू म्हणालीस, "बस. आजचं झालं." मला वाटलं होतं तू ओढत नेशील. नेलं नाहीस. दुसऱ्या दिवशीही खांबच. कितीतरी दिवस खांबच. मग कधीतरी शनवाऱ्याची वेस आली, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात राजघाट. घाटाच्या वरच्या पायरीवर मला बसवून तू भराभर खाली जायचीस, तापीच्या पाण्याला हात लावून डोळ्यांना लावायचीस आणि ओल्या हातानं माझ्या कपाळाला बोट टेकवायचीस. म्हणायचीस, "घे. तुझंपण झालं." मला खाली उतरता येत नाही याचं तू कधी वाईट वाटू दिलं नाहीस.

वेशीजवळ ते जिलेबीचं दुकान आहे. आपण परतायचो तेव्हा नेमकी कढई तापलेली असायची आणि मावा जिलेबीचा वास अख्ख्या रस्त्यावर पसरलेला असायचा. तिथे आलं की तू न बोलता बाजू बदलायचीस. दुकानाच्या बाजूला तू, रस्त्याच्या बाजूला मी. तुझ्यासारख्या बारीक बाईच्या आडून दुकान काय झाकलं जाणार! मला सगळं दिसायचं, कढई, पाकाचं पातेलं, पोह्यांची परात. पण तू मध्ये आहेस म्हटल्यावर मी बघत नसे.

आणि रविवारी काटा. तुझ्या नवऱ्याच्या, प्रल्हादभाऊंच्या केळीच्या वखारीतला, घड तोलायचा मोठा काटा. घरचा काटा मी रागानं भंगारवाल्याला देऊन टाकला होता, म्हणून तू म्हणालीस की आमच्याकडे चल, तिथे ट्रकभर माल तोलतात, तुझं काय घेऊन बसलीस. पहिल्या रविवारी मी आठवडाभर भाकरी आणि पालक खाऊन, रोज खांबापर्यंत जाऊन काट्यावर चढले. लाल आकडे थरथरले आणि आधीच्याच आकड्यावर येऊन थांबले. मी तिथेच केळीच्या क्रेटवर बसून हमालांच्या देखत रडले. तू पाणी आणून दिलंस, नाक पुसायला तुझाच पदर दिलास आणि नियम केलास. "पुढल्या टायमापासून तू तिकडं तोंड करून उभी राह्यजो. आकडा मी बघीन. किती कमी झालं, मी सांगीन."

तेव्हापासून माझी काट्याकडे पाठ. समोर पानांखाली झाकलेले हिरवे घड रचलेले असायचे, त्यांच्या चिकाचा वास यायचा, आणि मागून तुझा आवाज यायचा. "पाव किलो कमी!" किंवा "अर्धा, अर्धा!" एकदा तर तू "पाऊण!" म्हणून एवढ्या जोरात ओरडलीस की ट्रकवरचा ड्रायव्हर दचकून उठला.

पण किती हळू, निमा. तुला आठवतं का किती हळू होतं ते? शाळेत सगळ्यांकडे माझ्यासाठी सल्ला तयार असायचा. कुणी गरम पाण्यात लिंबू, कुणी मेथीदाणे, कुणी मोबाइलवर त्या बाईचा व्हिडिओ दाखवायचं जी दोन महिन्यांत निम्मी झाली. मला त्या बाईच्या अंगावर धावून जावंसं वाटायचं. मी दोन वर्षं ताटात मोजून वाढून घेत होते. लग्नात जाऊन ताक पिऊन परत येत होते. संक्रांतीला तिळगूळ हातात घेऊन हळूच ह्यांच्या खिशात टाकत होते. आणि समोरची बाई विचारायची, "मॅडम, तुम्ही ते डाएट का काय करणार होता ना? कधी सुरू करताय?" तेव्हा मी दहा किलो कमी झालेली होते! एवढं मोठं अंग की त्यातून दहा किलो गेले तरी कुणाला पत्ता लागू नये. मुलांचा निकाल वर्षातून एकदा लागतो. माझा दर रविवारी लागायचा आणि दर रविवारी मी काठावर पास.

सगळ्यात जास्त कंटाळा कशाचा यायचा, सांगू? भुकेचा नाही. चालण्याचाही नाही. सगळं करून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सगळं करायचं असतं, त्याचा. एखादं काम संपल्यावर हात झटकता येतात. इथे हात झटकायची सोयच नाही.

हे मी तुला घाटावर बसून सांगितलं होतं. तू म्हणालीस, "अवं, बाग लावल्यावर माणूस रोज जाऊन घड मोजते का? सालभर नुसतं पाणी देत राह्यचं."

मी म्हटलं, "मी बाग नाही. मी पंचावन्न वर्षांची बाई आहे आणि मला भूक लागते."

तू खूप हसलीस. मग पिशवीतून काकडी काढून दिलीस. तुझ्या त्या काकडीचाही मला राग यायचा, पण खाल्ली.

एक वाद आपल्यात पहिल्यापासून चालू होता आणि तो आता असाच राहणार. तुझं म्हणणं, ऑपरेशन झालं की थंडीत फोपनारला जायचं, तुझ्या भावाच्या बागेत. बांधावरून चालत विहिरीपर्यंत जायचं, तिथे वांगी भाजायची आणि खाली जमिनीवर बसून भरीत-भाकरी खायची. मी म्हणायचे, गुडघे बदलल्यावर खाली बसायचं नसतं, डॉक्टरांनी सांगितलंय. तू म्हणायचीस, डॉक्टरले काय कळते, भरीत काय खुर्चीवर बसून खातात? मी म्हणायचे, मग नवे गुडघे मोडले तर तू देशील का तुझे? शेवटी तू थोडी खाली उतरलीस. "बरं, तुले बाज टाकून देऊ. पण विहिरीपर्यंत चालतच यायचं. गाडीवर बसून आली तर भरीत भेटणार नाही." मी बाजेलाही हो म्हटलं नव्हतं. मला वाटायचं आधी नव्वद तर होऊ दे, मग बघू. पण मनातल्या मनात मी कितीदा त्या बांधावरून चालले होते, हे तुला कधी सांगितलं नाही. ऑपरेशन मला ना शाळेच्या जिन्यासाठी हवं होतं, ना बाजारासाठी. मला त्या विहिरीपर्यंत चालत जायचं होतं.

मग ते शेवटचे रविवार आले. इंदूरची तारीख जवळ येत होती आणि तुझा आवाज मागून बारीक होत चालला होता. "पाव किलो." मग "तसंच आहे." मग पुन्हा "तसंच आहे." मी रात्रीचं जेवण आणखी कमी केलं. शाळेत दुपारी चक्कर आली. मी तुला म्हटलं, ब्लाऊज ढिला लागतोय गं, मग वजन कमी कसं होत नाही? तू म्हणालीस, "शिंप्यानं ढिलाच शिवला असंल." मी तेही खरं मानलं. आणि त्या शेवटच्या रविवारी तू मागून म्हणालीस, "साडेत्र्याण्णव. तसंच आहे. काट्यानं सुट्टी घेतली वाटते."

तू गंमत केलीस आणि माझा तोल गेला. मी काट्यावरून उतरले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. तुला काय कळणार, म्हटलं, फुंकर मारली तर उडशील तू. तुला कधी भुकेल्या पोटी झोप न लागल्यानं कूस बदलावी लागली आहे का? तू पण काही कमी नाहीस. म्हणालीस, "मग नको येऊ. मलेपण सकाळी झोप लागते." इतक्या वर्षांत तुला सकाळी झोप लागते हे मला तेव्हा कळलं. हमाल इकडेतिकडे बघायला लागले. मी रिक्षा करून घरी आले, आणि सोमवारी तू हाक मारली नाहीस, मी दार उघडलं नाही.

मधल्या सुट्टीत तुझा फोन आला तो नंतर दोन दिवसांनी. तू जणू काही झालंच नाही अशी बोललीस. म्हणालीस, "मास्तरीण, तोंड फुगवून झालं असलं तर रविवारी काट्यावर ये. एक गोष्ट सांगायची आहे."

"आत्ता सांग ना."

"नाही. काट्यावरच सांगीन."

घंटा झाली म्हणून मी फोन ठेवला. रविवार यायच्या आत तू गेलीस. सकाळी चहाचं आधण ठेवलं होतंस म्हणे, आणि तिथेच ओट्याला धरून खाली बसलीस. प्रल्हादभाऊ अंघोळीला गेले होते. मला तुझ्या सुनेची किंकाळी भिंतीतून ऐकू आली, आणि हे गुडघे असे की तुझ्या दारापर्यंत पोचायला मला किती वेळ लागला असेल, ते तूच समज.

खरं सांगू? त्या दिवसापासून मी चालणं सोडलं. भाकरी सोडली. तुझ्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी काही सुचेना म्हणून वेशीपर्यंत गेले, नुसती पाय मोकळे करायला, आणि येताना दुकान आलं. दुकानाच्या बाजूला कुणीच नव्हतं. मी पाव किलो मावा जिलेबी घेतली, घरी आणली आणि ओट्यापाशी उभी राहून सगळी खाल्ली. हातातून पाक गळत होता. चव लागली नाही म्हणणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? चव लागली. चांगली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

ह्यांनी ओट्यावरचा जिलेबीचा कागद बघितला. फक्त इंदूरच्या तारखेचं विचारलं. मी म्हटलं, रद्द करा. ते म्हणाले, "थांबू थोडं." फोन त्यांनी केलाच नाही.

तुझ्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर प्रल्हादभाऊ माझ्या खुर्चीपाशी आले. मुळातच कमी बोलणारा माणूस. म्हणाले, "मॅडम, ह्या रविवारी वखारीत येऊन जा." मी म्हटलं, "भाऊ, आता कशाला?" ते म्हणाले, "येऊन जा. तिचं एक काम राहून गेलं आहे."

मी गेले, कारण त्या माणसाला नाही म्हणवेना. वखारीत तोच चिकाचा वास. एक ट्रक भरून उभा होता. मी काट्यावर चढले आणि सवयीनं घडांकडे तोंड केलं. मागे तू नव्हतीस. मला वाटलं होतं मी मोठ्यानं रडेन, पण लाज वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. मी म्हटलं, "भाऊ, खरं सांगा. मी वाढले असणार. मी जिलेबी खाल्ली आहे."

त्यांनी चष्मा चढवला. "एक्याण्णव."

"किती?"

"एक्याण्णव. वर थोडं."

मी म्हटलं, काटा बिघडलाय. त्यांनी मला उतरवलं, काट्यावर पाच किलोचं माप ठेवलं. पाच आले. मला पुन्हा चढवलं. एक्याण्णव आणि थोडं. मी म्हटलं, "अहो, असं कसं होईल? निमानं त्या रविवारी साडेत्र्याण्णव सांगितलं होतं, आणि त्यानंतर मी नुसती खातेय."

प्रल्हादभाऊ क्रेटवर बसले. त्याच क्रेटवर, जिथे मी पहिल्या रविवारी बसले होते. म्हणाले, "मॅडम, ती तुम्हाले पूरं कधी सांगतच नव्हती."

मला कळेचना.

"सुरुवातीपासून. एखाद्या हप्त्यात किलोभर उतरलं, तर तुम्हाले अर्धाच सांगे. अर्धा राखून ठेवे. मग ज्या हप्त्यात काहीच उतरलं नाही, उलटं वाढलं, त्या दिवशी त्यातून पाव किलो काढून सांगे. मी बोललो, अवं, मास्तरीणबाईले फसवती काय? तर मलेच बोलली, तुमच्या धंद्यात तुम्ही काय करता? बाग पूरी तयार असली तरी सगळे घड एकदम उतरवता का? पुढच्या गाडीले ठेवता ना? ह्या बाईले दर रविवारी काहीतरी लागते. एक रविवार खाली हात गेली, का ही परत यायची नाही."

मी काट्यावर तशीच उभी. मागे लाल आकडे, समोर घड.

मी विचारलं, "मग शेवटी शेवटी तसंच आहे, तसंच आहे, असं का म्हणत होती?"

"जमा करत होती. इंदौरची तारीख आली ना जवळ. बोलली, नव्वदच्या खाली जाऊ दे, मग एकदम सांगीन. काट्यावर नाचली पाहिजे मास्तरीण." त्यांनी चष्मा काढला. "मग तुमचं भांडण झालं. घरी येऊन बोलली, चुकलंच माझं, फार ताणलं. ह्या रविवारी जेवढं आहे तेवढं सांगून टाकते."

एवढं बोलून ते उठले आणि ट्रककडे गेले. ट्रकपाशी त्यांचं काहीच काम नव्हतं.

मी रिक्षात बसून घरी येईपर्यंत तुला शिव्या दिल्या, निमा. मनापासून दिल्या. मी अर्ध्या पोटी झोपत होते, वर्गात चक्कर येऊन फळा धरत होते, आणि तुझ्याकडे माझे दोन-अडीच किलो पडून होते! माझे! शिंप्याला नावं ठेवलीस! असली कसली गंमत? कुणाला नाचवायचं होतं तुला, ह्या गुडघ्यांवर? मी तुझ्या दारासमोर रिक्षा थांबवली आणि उतरणार होते, तुला विचारायला. मग आठवलं. रिक्षावाल्याला म्हटलं, पुढच्या दाराला घे.

घरी येऊन खुर्चीवर बसले आणि एकेक रविवार आठवायला लागले. पावसाळ्याच्या तोंडावर मी तापानं पडले होते, आठवडाभर चालले नव्हते, आणि बरी होताच पुतण्याच्या लग्नाचं चार दिवस जेवले होते. त्या रविवारी मी काट्यावर चढायला तयार नव्हते. तू ढकललंस आणि मागून म्हणालीस, "पाव किलो कमी!" मला वाटलं देवालाच दया आली. मी त्या पाव किलोच्या जोरावर दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला आले होते. ते पाव किलो तू कुठून काढलं होतंस ते आता कळतंय. असे किती रविवार असतील? मी ज्याला माझी चिकाटी म्हणत होते, शाळेत मुलांना उदाहरण म्हणून सांगत होते, त्यातली निम्मी तुझ्याकडे ठेवलेली होती.

मला तुझे आभार मानायचे आहेत आणि ते मानायला मला जमत नाहीये. तुझ्या तोंडावर मी कधी मानले नाहीत. तू सकाळची झोप मोडून यायचीस, तुला एक ग्रॅमही कमी करायचं नव्हतं, आणि मी त्याला तुझी आवड समजत होते. तुला दम लागायचा का गं, घाटाच्या पायऱ्या चढून येताना? एक-दोनदा तू मध्येच थांबून पाण्याकडे बघत उभी राहायचीस. मला वाटायचं, बघतेय नदी. माझ्या वजनाचा हिशेब आपण दोघींनी ठेवला. तुझ्याकडे कुणी बघितलं नाही. ना मी, ना भाऊ, ना तू. हे मला आता दर पायरीला आठवतं.

मी पुन्हा चालायला लागले आहे. उत्साहानं वगैरे नाही. सकाळी उठल्यावर पहिला विचार येतो तो न जाण्याचाच. परवा हे दारात चपला घालून उभे होते. म्हणाले, "मी येऊ का?" मी म्हटलं, "या, पण वेशीजवळ दुकानाच्या बाजूनं चालायचं." ते बिचारे चालतात, फक्त दुकान आलं की त्यांचाच पाय अडतो आणि मला त्यांना ओढून न्यावं लागतं. काल घाटावर पोचलो. पाण्याला हात लावायला कुणी खाली गेलं नाही. मी वरच्या पायरीवर बसले आणि आपण बसायचो तेवढा वेळ बसून उठले.

तुझ्या भावाचा फोन आला होता. म्हणाला, निमाताईनं सांगून ठेवलं होतं, विहिरीजवळची जागा साफ ठेव, थंडीत मास्तरीणबाई येणार आहेत. बाज ठेवू का, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, ठेवा. आपला तो वाद तू जिंकलीस, धर.

आणि आज रविवार. मी वखारीत गेले. प्रल्हादभाऊ काट्यामागे येऊन उभे राहिले, त्यांना सांगावं लागलं नाही. गेल्या खेपेला त्यांनी मला सगळं एका दमात सांगून टाकलं होतं, तुझ्यासारखं राखून ठेवायचं त्यांना कुठून सुचणार? आता काहीही शिल्लक नव्हतं. मी काट्यावर चढले, घडांकडे तोंड केलं आणि म्हटलं, "भाऊ, सगळं नका सांगू. थोडं तुमच्याकडे राहू द्या."

मागे त्यांच्या चष्म्याची काडी वाजल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "थोडं कमी आहे."

किती, ते मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी लागेल.